मागच्या खोलीचे दार लागले त्याची हकिकत

आत्याबाईसाहेब यांची आज्ञा जाहली की, सालाचे आरंभी मागच्या खोलीवर जी मोहीम जाहली, तिचा मजकूर जैसा घडला तैसा, तिखटमीठ न लाविता, कोणाची भीड न धरिता, लिहून ठेवावा. कारण घरातील माणसे आत्तापासूनच निरनिराळे सांगू लागली आहेत, आणि आणखी दोन सालांनी ज्याचा त्याचा पराक्रम वेगळाच होऊन बसेल. आज्ञा शिरसावंद्य मानून, साक्षी घेऊन, जागेवर जाऊन, मोजपट्टी दोन वेळा लावून हा मजकूर सिद्ध केला आहे. वाचणाराने चहा शेजारी घेऊन बसावे, मध्ये उठू नये.

तर मूळ प्रकरण ऐसे. घर दोन माणसांचे. एक तीर्थरूप बाबा, वय वर्षे शहात्तर, पाणीपुरवठा खात्यातून नकाशानवीस म्हणून निवृत्त. छत्तीस वर्षे शहराचे जमिनीखालील एकूण एक नळ त्यांनी कागदावर आणिले, आणि एकही नळ कागदावर बोटभर इकडचा तिकडे जाहला नाही ऐसी ख्याती. दुसरी त्यांची कन्या, वय वर्षे बेचाळीस, कचेरीत मोठ्या मानाची, परंतु घरात आणि जिन्यात चिमी याच नावाने ठाऊक. तिचा पेशा यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहिण्याचा. नवे यंत्र बाजारात उतरण्याआधी त्याची चित्रे तिजकडे येत, आणि मग 'प्रथम मागील चार स्क्रू सैल करावेत, नंतर झाकण हलक्या हाताने उचलावे' ऐसे ती लिही, आणि हजारो लोक ते वाचून झाकणे उचलीत. स्वतः तिने आजवर एकही स्क्रू सैल केला नव्हता, हेही येथे नमूद करणे प्राप्त आहे.

चार वर्षांपासून तिचा कारभार घरूनच चाले आणि तख्त म्हणजे जेवणाचे मेज. या तख्तास स्थैर्य म्हणून नव्हते. दिवसातून तीन वेळा ताटांची स्वारी येई, मग लॅपटॉप फ्रिजवर, कागद खुर्चीवर आणि चार्जर गळ्यात, ऐसा राजधानीचा तळ उठवावा, आणि जेवणे आटोपताच पुन्हा कूच करून मूळ जागी यावे. दोन प्रहरी वरच्या मजल्यावरून बाबांच्या धाकट्या भगिनी, म्हणजेच आत्याबाई, मटार सोलण्यास खाली उतरत, आणि मेजाचे दुसरे टोक त्यांच्या अमलाखाली जाई. एकदा दाणे की-बोर्डात शिरून 'ह' हे अक्षर दोन आठवडे उमटले नाही, तेव्हा चिमीने 'ह' वगळून एका मिक्सरची सबंध पुस्तिका लिहिली. ती बरी उतरली.

ऐसे चालले असता डिसेंबरचे सत्तावीस तारखेस सदर, म्हणजे मुख्य, कचेरीचा खलिता ईमेलमार्गे येऊन थडकला. मजकूर ऐसा की, बाजारात न आलेल्या यंत्रांची गुपिते लोकांच्या जेवणाच्या मेजांवर उघडी पडली असतात हे हुजुरास कळले आहे. सबब नव्या सालापासून घरून काम त्यानेच करावे, ज्यास स्वतंत्र खोली आहे आणि त्या खोलीस बंद होणारे दार आहे. चार जानेवारीस सकाळी अकरा वाजता तपासनीस बाई व्हिडिओवरून खोली जातीने पाहतील. ज्याची खोली पसंत न पडेल त्याने पंधरवड्याचे आत बाडबिस्तरा घेऊन सदर कचेरीत रुजू व्हावे. उजर चालणार नाही. आणि सदर कचेरी म्हणजे एक दिवस आणि एक रात्र आगगाडीचे अंतर.

सोबत एक फॉर्म होता. स्वतंत्र खोली आहे काय? चिमीने लिहिले, आहे. दार आहे काय? आहे. दार बंद होते काय? होते. ही तिन्ही उत्तरे तिने मेजावर बसल्या बसल्या, मान न वळविता दिली. खोलीला दार असणारच, त्यात पाहायचे काय, ऐसा तिचा विचार. आणि दुसरे कोणी असते तरी हेच करिते.

मग तिने मेजापलीकडे पाहिले. तीर्थरूप चष्मा कपाळावर चढवून चष्मा शोधीत होते. त्यांच्या सकाळच्या गोळ्या दोन आणि रात्रीची एक, आणि तिन्ही तिने तळहातावर ठेविल्याखेरीज पोटात जात नसत. यांस सोडून जावे तर जीव तिकडे लागेल कैसा, आणि नोकरी सोडावी तर घर चालेल कैसे, ऐसा पेच पडला. बाबांस हे कळता कामा नये, कळले तर ते झोपणार नाहीत आणि वर 'जा बाई तू खुशाल' म्हणून मोकळे होतील, ऐसे तिने ठरविले. बाबांस सांगितले ते एवढेच, की नवे वर्ष येत आहे, घर जरा लावू या. आत्याबाईंस मात्र खरे सांगितले आणि कोणास न बोलण्याची शपथ घातली. आत्याबाईंच्या पोटात गोष्ट राहत नाही हे जगजाहीर असता त्यांनी ती चार दिवस राखली, याची नोंद त्यांचे आज्ञेवरून येथे वेगळी करीत आहे.

आता मागच्या खोलीचे वर्णन. खोली लहान, एक खिडकी, खिडकीखाली न हलणारे लोखंडी कपाट, आणि तीर्थरूप तिचे किल्लेदार. आत शिबंदी ऐसी: अकरा छत्र्या, पैकी उघडणाऱ्या तीन; मेलेल्या टीव्हीचे जिवंत खोके; बरण्यांवाचून झाकणे आणि झाकणांवाचून बरण्या; वायरींचे एक भेंडोळे, ज्याची दोन्ही टोके कोणी पाहिली नव्हती; नकाशांच्या गुंडाळ्या चार पिंपे; आणि बाबांचे कचेरीतले नकाशे काढण्याचे मोठे मेज, जे निवृत्तीचे दिवशी त्यांनी हट्टाने मागून आणिले आणि सुटे करून रचून ठेविले होते. आत शिरताच उजव्या हाताची भिंत तेवढी नीटनेटकी. तीवर खुंट्या, खुंट्यांवर कोट व पिशव्या, आणि एकावर एक टांगलेली नऊ वर्षांची कॅलेंडरे. सबब मोहिमेत त्या भिंतीकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही.

अठ्ठावीस तारखेस चिमीने नवी डायरी उघडून यादी केली, डोक्यास रुमाल बांधिला आणि खोलीवर चालून गेली. तीन ढीग करण्याचे ठरले: ठेवणे, टाकणे आणि बघू. संध्याकाळपावेतो ठेवण्याचा ढीग गुडघ्याइतका, टाकण्याचा घोट्याइतका, आणि 'बघू'चा ढीग छातीपावेतो चढला. तीर्थरूप दारात खुर्ची टाकून बसले होते आणि प्रत्येक जिनसेवर त्यांचा एकच हुकूम पडे, तो म्हणजे 'लागेल कधीतरी'. चिमीने एक प्लग वर धरिला, ज्याची वायर उंदरांनी खाल्ली होती.

"बाबा, हा कशाला लागेल?"

"तो होता तेव्हा चांगला होता."

चिमीने प्लग 'बघू'च्या ढिगावर ठेविला. दुसरे दिवशी उठून पाहते तो टाकण्याचा ढीग निम्मा आटलेला. तीर्थरूप पहाटे अनवाणी उठून, एकेक जिन्नस सदऱ्याखाली लपवून, पुन्हा खोलीत नेऊन पेरीत होते. तिने टाकावे आणि यांनी आणावे, ऐसे तीन दिवस चालले. तिसरे दिवशी चाळणीसारखी भोके पडलेली एक बादली एकाच दिवसात चार वेळा उंबरठा ओलांडून गेली आणि आली. चिमी रडकुंडीस आली, बाबांवर ओरडली, आणि ओरडल्याबद्दल स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसून आली. तीर्थरूपही गोरेमोरे जाहले, परंतु बादली सोडिली नाही.

एकतीस तारखेस दोन प्रहरी आत्याबाई मटार घेऊन उतरल्या, तेव्हा बहीणभाऊ दोघेच मेजावर. चिमी खोलीत वायरीशी झुंजत होती. बाबा म्हणाले की, पोरगी हल्ली फार तापट जाहली आहे, चांगल्या चांगल्या वस्तू फेकिते. तेव्हा आत्याबाईंच्या हातातली शेंग हातातच राहिली, आणि चार दिवसांचा बंधारा फुटला.

"दादा, अरे तुझ्या बादल्यांनी ती जायची वेळ आलीय. खोली दाखवता आली नाही ना, तर तिला तिकडं बोलावणारेत. कायमची. आणि तुला सांगत नाहीये, तू काळजी करशील म्हणून."

तीर्थरूपांनी दोन शेंगा सोलिल्या, दाणे टोपलीत टाकण्याऐवजी टरफलांत टाकिले, आणि उठून गेले.

नव्या सालाचे पहिले प्रभाती चिमी उठून खोलीशी येते, तो कपाट आणि सुटे मेज वगळता खोली रिकामी. छत्र्या गेल्या, खोके गेले, बरण्या गेल्या, वायरींचे भेंडोळे कोणी कसे नेले कोण जाणे, परंतु गेले. सर्व सामान जिन्याखाली कचऱ्याच्या गाडीची वाट पाहत शिस्तीने रांगेत, वर बादली. नकाशांची चारही पिंपे त्यातच. तीर्थरूप खोलीच्या मध्यभागी उभे राहून हात झटकीत होते. चिमीने पिंपे पाहिली आणि तिला हुंदका आवरेना; मग ती अनवाणीच खाली धावली आणि दोन पिंपे उचलून वर आणिली, आणि ही तेवढी कपाटावर राहतील, याविषयी वाद नको, ऐसे फर्मान सोडिले. ते किल्लेदाराने मान खाली घालून कबूल केले. खलित्याविषयी कोणी कोणास काही विचारिले नाही. कळले आहे हे तिला कळले, आणि तेही त्यांना कळले.

तेथून पुढे तीर्थरूप खुद्द मोहिमेत उतरले आणि मोहिमेचा नूरच पालटला. मोजपट्टी घेऊन त्यांनी खोली भिंत ते भिंत मोजिली, आणि कागद ताणून, पेन्सिलीस टोक काढून, एकास वीस प्रमाणाने नकाशा काढिला. निवृत्तीनंतरचा हा पहिलाच. खिडकी दाखविली, कपाट दाखविले, विजेची बटणे दाखविली, उजव्या हातास 'भिंत, खुंट्यांसह' ऐसे सुंदर अक्षरात लिहिले, आणि येण्याजाण्याची जागा मोकळी सोडिली. नकाशे काढण्याचे आपले मेज चिमीने वापरावे असे त्यांनी जाहीर केले. ते बसेल ऐसी जागा एकच, ती खुंट्यांच्या भिंतीशी. दोन तारखेस बत्तीस नट-बोल्ट लावून मेज उभे राहिले, त्यात पाऊण दिवस गेला आणि आत्याबाईंचे एक नख गेले. तीन तारखेस चिमीने खोलीबाहेर पडवीतल्या फळीवर डबे लाविले आणि डब्यांवर चिठ्ठ्या लाविल्या: हत्यारे, औषधे व कापूस, चार्जर, बिले. त्या घरात वस्तू नेहमी 'नीट जागी' ठेवीत, म्हणजे पुन्हा सापडू नये ऐसी. चिठ्ठी प्रथमच लागली. रात्री तिघेही समाधानाने जेविली, आणि चार वर्षांत प्रथमच जेवणासाठी लॅपटॉप उचलावा लागला नाही.

चार तारीख उजाडली. सव्वादहास चिमी इस्त्रीचे कपडे करून खोलीत गेली, खुर्ची सरळ केली, आणि एकदा दार लावून पाहावे म्हणून हात मागे नेला. हातास काही लागेना. वळून पाहिले. चौकट होती. तीत दार नव्हते.

"बाबा, दार कुठंय?"

"कुठलं दार?"

"या खोलीचं!"

तीर्थरूपांनी नकाशा उघडिला, चष्मा लाविला, वरून खाली पाहिले आणि म्हणाले, "नकाशात तर नाही."

दोघांनी चौकट पाहिली, मग नकाशा, मग पुन्हा चौकट. शेवटी आत्याबाईंनी कोंडी फोडिली.

"अरे दादा, कोट जिथं टांगतोस ना तू, तेच दार."

प्रकरण ऐसे निघाले की, नऊ वर्षांमागे मातोश्री निवर्तल्या आणि घरात दोघेच उरली. दोघांच्या घरात दार लावायचे ते कोणाविरुद्ध? न्हाणीघर वगळता कोणी कधी कोणते दार लाविले नाही. मागच्या खोलीचे दार पुरते उघडून आत भिंतीस टेकले ते टेकलेच; त्यास खुंट्या मारिल्या, वर कोट आले, कॅलेंडरे आली, आणि हळूहळू ते दार भिंतीत जमा जाहले. ज्या हाताने छत्तीस वर्षांत एक नळ चुकविला नाही, त्या हाताने घरचे दार भिंत म्हणून काढिले, आणि ज्या बाईने हजारो लोकांस आधी स्क्रू पाहून मग झाकण उचलण्यास शिकविले, तिने न पाहता 'होते' ऐसे लिहिले. आता दारापुढे बत्तीस नट-बोल्टांचे मेज, आणि हाती चाळीस मिनिटे.

तीर्थरूप मटकन खुर्चीवर बसले. तोंड उतरून गेले. "माझ्यामुळं जाणार तू," एवढेच बोलिले. ते ऐकून चिमीस कोठून बळ आले ते तिचे तिला ठाऊक. मेज हलविण्यास वेळ नाही, तर दार हलवावे, ऐसी मसलत तिने एकटीने करून एकटीने मंजूर केली, आणि पेचकस मागविला. आत्याबाई 'हत्यारे' डब्याशी गेल्या, झाकण उघडिले, आणि आत हत्यारे होती. त्या घराच्या इतिहासात जी वस्तू जेथे लिहिली तेथेच सापडण्याचा हा पहिला प्रसंग होय.

मग चिमी मोठ्याने पुस्तिका म्हणत गेली आणि हातांनी तेच करीत गेली. प्रथम खालच्या बिजागरीची खीळ ठोकून वर काढावी. नंतर मधली. वरची काढताना दुसऱ्या व्यक्तीने दार धरावे. दुसरी व्यक्ती म्हणून तीर्थरूप उठले. खिळी निघाल्या, मग मेज आणि भिंत यांचे फटीतून दार कोटांसकट सरकवीत चौकटीपर्यंत, चौकटीतून बाहेर पडवीत आणिले, आणि बाहेरून चौकटीवर टेकवून पाहिले तो बरोबर झाकले गेले. आता ते धरून ठेवण्यास कोणी हवे. अकरास चार मिनिटे कमी होती. तीर्थरूपांनी बाह्या सरसाविल्या. आत्याबाई म्हणाल्या, दादा, तुझा गुडघा. तीर्थरूप म्हणाले, गुडघ्याला काय करायचंय, हातांनी धरायचंय.

अकराचे ठोक्यास तपासनीस बाई पडद्यावर प्रकट जाहल्या. शांत मुद्रा, हातात यादी. खोली पाहिली, खिडकी पाहिली, मेज पाहून फार वाखाणले. मग हुकूम जाहला की दार लावून दाखवावे.

"हो, लावते हं दार," चिमी जरा जास्तच मोठ्याने म्हणाली.

बाहेर आत्याबाईंनी भावाच्या कमरेत बोट टोचिले, आणि दार आपल्या पायांनी चालत यावे तैसे गंभीरपणे येऊन चौकटीस मिळाले.

"अरे वा. आपोआप लागतं?"

"नाही, हातानंच."

बाईंनी यादीवर खूण केली आणि म्हणाल्या की, आता एका नव्या यंत्राची गुप्त चित्रे दाखवावयाची आहेत, सबब तपासणी संपेपर्यंत दार ऐसेच राहावे. हे बाहेर ऐकू आले. येथे तीर्थरूपांचा बाणेदारपणा लिहिणे अगत्याचे आहे. परक्या कचेरीचे गुपित आपले कानी पडू नये, म्हणून त्यांनी भगिनीस डोळ्यांनी खुणाविले, हात तर अडकलेले, तेव्हा आत्याबाईंनी 'औषधे व कापूस' डब्यातून कापूस आणून भावाच्या दोन्ही कानांत बोळे घातले. इतक्यात मुख्य दाराची घंटा वाजली, आणि आत्याबाई तिकडे धावल्या त्या आलेल्याशी बोलत तिकडेच अडकल्या. एकटे तीर्थरूप, दोन्ही तळवे दारास लावून, उभे राहिले.

आत पाऊण तास गेला. एकदा दार थरथरले तेव्हा बाईंनी विचारिले की तिकडे वारा आहे काय, आणि चिमी म्हणाली, थोडासा. शेवटी बाईंनी यादी खाली ठेविली.

"इकडं या ना तुम्ही. मोठी जागा रिकामी होतेय, तुमचंच नाव आहे आमच्या डोक्यात. घरी कोण असतं?"

"वडील."

"त्यांचा कामात व्यत्यय नाही ना होत?"

चिमीने दाराकडे पाहिले. खालच्या फटीतून बाबांच्या चपला दिसत होत्या, एका पायाची टाच किंचित उचललेली.

"नाही. ते त्यांच्या कामात असतात. आणि मला इथंच राहायचंय."

बाईंनी यादी पुन्हा उचलून लिहिले: खोली पसंत. पडदा विझला.

चिमी धावत दाराशी आली. "बाबा, झालं! सोडा!" तीर्थरूपांच्या कानांत कापूस. तिने दार ढकलिले. दार निसटते आहे ऐसे समजून तीर्थरूपांनी उलट जोर लाविला. तिने खांदा लाविला, त्यांनीही खांदा लाविला. सबंध मोहिमेत हातघाईची लढाई म्हणावी ती हीच, आणि ती एकाच पक्षाच्या दोन सरदारांत जाहली. शहात्तर वर्षांचा तो गृहस्थ डोळे घट्ट मिटून, ओठ चावून, पोटच्या मुलीस आत कोंडून उभा राहिला आणि बोटभर हटला नाही. आतून हाका ऐकून आत्याबाई आल्या, आणि त्यांनी भावाच्या एका कानातला बोळा उपटून काढिला.

"सोड दादा, सोड आता. राहिली पोरगी!"

तेव्हा त्यांनी दार सोडिले. हात कितीतरी वेळ तैसेच पुढे राहिले होते. चिमीने ते धरून खाली आणिले, आणि दुपारच्या जेवणाआधी तिघेही विनाकारण बराच वेळ पडवीत उभी होती.

आठ तारखेस सुताराने येऊन दार बाहेर उघडेल ऐसे बसवून दिले. जेवणाचे मेज सबंध आत्याबाईंच्या अमलाखाली आले, परंतु समोर कोणाच्या कामात लुडबुड करावयास नसल्याने मटार सोलण्यात पूर्वीची गोडी राहिली नाही, ऐसी त्यांची तक्रार आहे. भोकांची बादली नऊ तारखेस खोलीच्या कोपऱ्यात पुन्हा दिसली. ती 'कागदाची टोपली' ऐसी चिठ्ठी लावून बहाल करण्यात आली. एरवी दार उघडेच असते. गुप्त चित्रे आली की मात्र चिमी आतून सांगते, मग तीर्थरूप उठून स्वतः दार लावितात, आणि कडी आतून पडल्यावरही सवयीने तळवा दारावर ठेवून घटकाभर उभे राहतात.

येणेप्रमाणे नव्या सालाचे चौथे दिवशी मागची खोली काबीज जाहली, दार लागले, आणि घर जागचे हलले नाही. घडले ते लिहिले, राहिले ते आत्याबाई तोंडी सांगतील. ज्यास यात संशय वाटेल त्याने येऊन आतून दार ढकलून पाहावे. बाहेरून कोणी धरिले असल्यास थोडे थांबावे.